मॅडम सुट्टीवर आहेत

इंटर्नशिप संपली तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते. पुढच्या प्रवेश परीक्षेला अवकाश होता आणि घरी बसून अभ्यास होत नव्हता. कॉलेजच्या नोटीस बोर्डावर एका कोपऱ्यात हाताने लिहिलेला कागद होता. भिवंडीत जनरल प्रॅक्टिससाठी लेडी डॉक्टर पाहिजे, कायमस्वरूपी. 'कायमस्वरूपी'च्या खाली दोन रेघा मारलेल्या. कागद पिवळा पडला होता आणि त्याची टाचणी गंजली होती. इतके दिवस कोणी तो काढला नव्हता आणि कोणी त्या नंबरवर फोनही केला नसावा, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मी कल्याणहून एसटीने गेले. दवाखाना पॉवरलूमच्या गल्लीच्या टोकाला होता. दोन खोल्या आणि पुढे बाकं टाकलेला पत्र्याचा पडवीवजा भाग. डॉक्टर पासष्टीच्या पुढचे होते, काटक, पांढरा बुशशर्ट घातलेले. भिवंडीजवळच्या पूर्णा गावातून डॉक्टर झालेले ते पहिलेच. त्यांच्या घरची भातशेती होती तिथे आता गोडाऊनं उभी राहत होती आणि दोन्ही मुलं तोच व्यवहार बघत होती. दवाखाना बंद करा म्हणून मुलं मागे लागलेली असतात, हे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं.

मार्क किती, कुठल्या वॉर्डात काम केलं, असलं काही त्यांनी विचारलं नाही. बस लागते का, दुपारी लाईट जाते ती चालेल का, एवढंच विचारलं. मग थोडं थांबून म्हणाले, "पुढं शिकायचा विचार हाय का?"

मी म्हणाले, "अजून तसं काही ठरवलेलं नाही."

खरं तर प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरून झाला होता. डॉक्टरांनी मान हलवली आणि आतल्या खोलीकडे हात करून म्हणाले, "ती तुमची केबिन."

त्या केबिनमध्ये माझ्याआधी चार जणी बसून गेल्या होत्या. हे मला सिस्टरने सांगितलं. सिस्टर शेलार गावच्या बौद्धवाड्यातून रोज सायकलवर यायची. तिच्याकडे नर्सिंगचा कागद नव्हता, पण डॉक्टरांनी तिला वीस वर्षांपूर्वी हाताखाली घेऊन ड्रेसिंगपासून सगळं शिकवलं होतं आणि तिचं काम कागद असलेल्यांपेक्षा चोख होतं. आधीच्या चौघींची नावं ती घेत नसे. पनवेलवाल्या मॅडम, उल्हासनगरवाल्या मॅडम, अशी गावांवरून ओळख. त्यांच्यातल्या एकीनेही जाते म्हणून सांगितलं नव्हतं. एक तर जेवणाच्या सुट्टीत बँकेत जाऊन येते म्हणून गेली ती गेलीच. तिचा स्टीलचा डबा राहिला होता. सिस्टर त्यात कापसाचे बोळे ठेवायची.

"तुमी सांगून जा हां मॅडम," ती हसत म्हणाली होती. मीही हसले होते.

काम मला आवडायला लागलं, हेही खरं. सकाळी लूमवरची माणसं यायची, खोकला घेऊन, डोळ्यांत सुताचा कण गेला म्हणून, कानात सतत आवाज येतो म्हणून. कानावर परिणाम झालेला असल्यामुळे ती मोठ्याने बोलत आणि आम्हीही मोठ्यानेच बोलायचो. लाईट गेली की गल्लीतले सगळे लूम एकदम थांबत. मग दवाखान्यात गर्दी व्हायची, कारण मालक तेवढ्याच वेळात सोडायचा. त्या शांततेत आपलाच आवाज नको इतका मोठा वाटायचा.

पण खरी गर्दी वाढली ती बायकांची. आधी चार-दोन आल्या. मग त्यांच्या जावा, शेजारणी, मग पडघ्याकडच्या खेड्यांतून भाजी घेऊन बाजारात येणाऱ्या. वर्षानुवर्षं अंगावर काढलेली दुखणी त्या पदराआडून दाखवायच्या. डॉक्टर माझ्या केबिनचा पडदा कधी बाजूला करत नसत. बाहेरून विचारायचे, "बाय, येऊ का?" माणसं असली की मॅडम आणि नसली की बाय. आमच्याकडे मुलीला असं म्हणतात हे त्यांनी मला एकदा सांगितलं आणि मग स्वतःच संकोचले.

सात-आठ महिने झाले असतील. एका दुपारी भाजीवाली एक बाई आली. चाळिशीची, उन्हाने रापलेली, डोक्यावर चुंबळ तशीच. तिला मी त्याआधी दोनदा पाहिलं होतं, अंगावरून जातं म्हणून. त्या दिवशी तिने आधी पडदा नीट ओढून घेतला. मग म्हणाली, छातीत काहीतरी हाताला लागतं. तपासलं तर डाव्या बाजूला बोराएवढी गाठ होती. दुखत नव्हती. पाळी तोंडावर आली होती, म्हणून मी तिला सांगितलं की पाळी होऊन गेली की, म्हणजे पंधरा दिवसांनी, परत या, तेव्हा पुन्हा बघते आणि मग ठाण्याला चिठ्ठी देते. पुस्तकात असंच लिहिलेलं आहे. त्यात चूक नव्हती.

पण ती घाबरली होती. मोठ्या दवाखान्यात पुरुष डॉक्टर असतील का, हे दोन-तीनदा विचारत होती. तिला धीर द्यावा म्हणून मी तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, "दुसऱ्या कुणाला दाखवायची गरज नाही. मलाच दाखवा. मी आहे ना."

त्याच आठवड्यात निकाल लागला. मराठवाड्यातल्या एका कॉलेजात मला स्त्रीरोगाच्या डिप्लोमाला जागा मिळाली. दहा दिवसांत हजर व्हायचं होतं. पत्र पर्समध्ये ठेवून मी दवाखान्यात गेले. आज सांगायचंच असं ठरवून गेले होते. पोचले तर डॉक्टर आणि सिस्टर बाहेर उभे होते आणि पेंटर शिडीवर चढलेला. डॉक्टरांच्या नावाच्या पाटीशेजारी, तेवढ्याच आकाराची दुसरी पाटी लागत होती. माझं नाव, डिग्री, 'स्त्रियांची तपासणी', सकाळ-संध्याकाळच्या वेळा. रंग ओला होता.

"माझ्यानंतर ह्ये तुमचंच हाय," डॉक्टर म्हणाले. "पोरांशी बोललोय मी."

मी थँक यू म्हणाले. दिवसभर पेशंट पाहिले. निघताना त्यांच्या टेबलापाशी उभी राहिले आणि म्हणाले, "डॉक्टर, घरात लग्न आहे. पंधरा दिवस सुट्टी हवी होती."

घरात कुणाचंही लग्न नव्हतं. हे वाक्य कुठून आलं, मला आजही सांगता येणार नाही. जाते म्हणायला तोंड उघडलं आणि सुट्टी बाहेर पडली. ते म्हणाले, जाऊन या, मजा करा. सिस्टरने माझा एप्रन खुंटीवरून काढला आणि धुऊन ठेवते म्हणाली.

पहिले पंधरा दिवस नव्या हॉस्टेलमध्ये मी रोज पत्र लिहायचं ठरवत होते. पंधरा दिवस उलटल्यावर पत्र लिहिणं अवघड झालं आणि महिना गेल्यावर अशक्य. आई फोनवर सांगायची, भिवंडीहून सिस्टरचा फोन आला होता, मी काय सांगू? मी म्हणायचे, ड्युटीवर आहे म्हण. तिसऱ्या फोनला आईने वैतागून खरं सांगून टाकलं, की मुलगी शिकायला गेली आहे. त्यानंतर फोन आले नाहीत. मला सुटल्यासारखं वाटलं. पण ते वाटणं टिकलं नाही.

दोन वर्षं माझ्या मनात एक विचित्र गोष्ट घर करून होती. कुठेतरी मी अजून सुट्टीवर आहे, असं वाटायचं. लेबर वॉर्डात हात धुताना, मेसमध्ये ताटावर बसल्यावर एकदम आठवायचं, की एका गल्लीत आत्ता माझी वेळ सुरू झाली आहे. बाहेर बाकावर कोणीतरी बसलं असेल. वॉर्डात लाईट गेली आणि पंखे थांबले की वाटायचं, लूम थांबले, आता बाकं भरतील. त्या बाईचा चेहरा मला मुद्दाम आठवावा लागत नसे. तिला डॉक्टरांनी चिठ्ठी दिली असेल, ती ठाण्याला गेली असेल, गाठ साधी निघाली असेल, असं मी स्वतःला सांगत असे. अशा गाठी बहुतेक साध्याच निघतात. हेही पुस्तकातच आहे.

डिप्लोमा झाल्यावर मी ठाण्याच्या एका हॉस्पिटलात लागले. पाच-सहा महिने झाले असतील. ओपीडी संपवून मी जिना उतरत होते. खालच्या मजल्यावर सर्जरीच्या दारापाशी रांग होती. रांगेतून एक बाई उठली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ती इतकी वाळली होती की मी तिला आवाजावरून ओळखलं.

"मॅडम," ती म्हणाली, "सरली का तुमची सुट्टी?"

त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच बरं वाटलं होतं मला बघून. मी तिला बाजूच्या बाकावर बसवलं. तिनेच सगळं सांगितलं, काही न विचारता. पंधरा दिवसांनी ती आली होती. मॅडम सुट्टीवर आहेत असं कळलं. मग पुढच्या महिन्यात आली. मग भाजी विकून झाली की अधूनमधून येऊन पाटी बघून जायची. पाटी होती, म्हणजे मॅडम येणार होत्या. डॉक्टर म्हणाले होते, मला दाखव. सोबतीला स्वतःच्या बायकोला बोलावतो म्हणाले होते. सिस्टरने सांगितलं होतं की ठाण्याला जा.

"मी नको बोलली," ती म्हणाली. "तुमी सांगितलेला ना, मलाच दाखवा म्हणून."

वर्षभराने गाठ फुटायला आली तेव्हा तिने घरी सांगितलं. मग गावठी औषध झालं, मग कुठे ठाणं. सर्जनने मला नंतर तिचे रिपोर्ट दाखवले. कॅन्सर काखेपर्यंत पोचला होता. ऑपरेशनच्या दिवशी मी आत जाऊन तिच्याजवळ उभी राहिले. भूल चढेपर्यंत ती माझा हात धरून होती. मला तो हात काढून घ्यावासा वाटत होता. इतक्या विश्वासाने आपला हात कोणी धरावा, असं आपण काही केलेलं नाही, हे तेव्हा मला त्या टेबलाशी उभं राहून सहन होत नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी मी भिवंडीला गेले. शुक्रवारी लूम बंद असतात. गल्ली गप्प होती. पाटी तिथेच होती. रंग थोडा उडाला होता, पण ती कोणीतरी पुसत होतं, हे दिसत होतं.

सिस्टर बाहेरच्या बाकावर पट्ट्या गुंडाळत बसली होती. मला बघून ती दचकली नाही. उठून तिने पाणी आणलं. मग हळू आवाजात म्हणाली की बायका अधूनमधून सांगायच्या, मॅडम दिसल्या म्हणून. कोणी पडघ्याला बसमध्ये बघितलं, कोणी बाजारात. एक तर शपथेवर सांगत होती की काल संध्याकाळी मॅडम केबिनमध्ये बसल्या होत्या, पडद्यामागे पाय दिसले. "ते माझेच पाय," सिस्टर म्हणाली. "झाडायला गेली व्हती."

मी तिला विचारलं, तुला खरं माहीत असून लोकांना का सांगितलं नाहीस. ती म्हणाली, पहिल्याच महिन्यात डॉक्टरांना सांगितलं होतं. त्यांनी पाटी काढू दिली नाही. सुट्टी घेऊन गेल्यात, सुट्टीच सांगायची, असं त्यांचं म्हणणं. पाटी असली तर नवी येणारी मुलगी बघेल, की इथे एक डॉक्टरीण नांदली आहे. रिकामा खिळा बघितला तर ती बाहेरूनच परत जाईल. तीन मुली येऊन बघून गेल्या होत्या. तिघींनीही सोमवारी कळवते म्हणून सांगितलं होतं.

मग तिने मला केबिनमध्ये नेलं. टेबलावर केस पेपरांचा गठ्ठा होता, सुतळीने बांधलेला. मॅडम आल्यावर दाखवू असं म्हणून गेलेल्या बायकांचे पेपर. सिस्टरने प्रत्येकावर पेन्सिलीने बारीक अक्षरात काहीतरी लिहून ठेवलं होतं. 'पाळी दोन महिने नाही.' 'परत चक्कर.' 'नवऱ्यासमोर बोलत नाही, एकटी भेटायची.' 'बाळंतपणाला गावी गेली.' काहींवर नुसतीच तारीख, मग दुसरी तारीख, मग तिसरी. मी खुर्चीत बसले आणि एकेक पेपर उलटायला लागले. कोणाचं काय झालं ते सिस्टर मागे उभी राहून सांगत होती. ही बरी झाली. ही दुसरीकडे गेली. ही उत्तर प्रदेशला परत गेली, पुढचं माहीत नाही. ही माहीत नाही. ही पण माहीत नाही.

भाजीवालीचा पेपर मधेच कुठेतरी होता. माझंच अक्षर. 'गाठ, डावी बाजू. पंधरा दिवसांनी पुन्हा.' त्याखाली सिस्टरच्या तारखा. मी त्या मोजल्या नाहीत. मला मोजवल्या नाहीत.

डॉक्टर आले तेव्हा मी तशीच बसले होते. ते खूप थकले होते. उजवा हात थरथरत होता आणि तो त्यांनी डाव्या हाताने धरून ठेवला होता. मला बघून ते दारातच थांबले आणि नेहमीसारखं म्हणाले, "बाय, येऊ का?"

मी त्यांना सगळं सांगितलं. लग्न नव्हतं, जागा मिळाल्याचं पत्र त्या दिवशी पर्समध्येच होतं, आणि त्या बाईचं काय झालं तेही. त्यांनी मधे अडवलं नाही. शेवटी म्हणाले, "तुमी जाणार ते मला त्याच दिवशी कळला व्हता. पंधरा दिवसांची सुट्टी मागताना कोणी रडत न्हाय."

मी रडत होते, हे मला आठवतही नव्हतं.

मग ते म्हणाले, त्या बाईला मी हाताला धरून ठाण्याला न्यायला हवी होती. मॅडम येतील म्हणून सांगत बसलो. मला खरं म्हणजे शिकून झालं की तुम्ही येणारच असं वाटायचं. त्यांनी मला दोष दिला असता तर मला पेलला असता. त्यांनी अर्धा स्वतःकडे घेतला.

त्यानंतर दर शुक्रवारी मी भिवंडीला जात राहिले. हॉस्पिटलची माझी ती सुट्टी असायची. पाटीवरच्या वेळा पुसून मी तिथे फक्त 'शुक्रवार' लिहून घेतलं. बायका यायच्या, पण पहिल्यासारख्या नाही. तपासून झालं की त्या दारापर्यंत जाऊन मागे वळून बघायच्या. पुढच्या शुक्रवारी आहात ना, असं जवळजवळ प्रत्येक जण विचारायची. आहे, असं मी म्हणायचे आणि प्रत्येक वेळी माझ्या आवाजाकडे माझंच लक्ष जायचं.

मी डॉक्टरांसाठी माणूस शोधत होते. हॉस्पिटलातल्या मुलींना विचारलं, जुन्या कॉलेजात गेले, नव्या इंटर्नना गाठलं. सगळं खरं सांगायचं असं ठरवून सांगत होते, लाईट जाते तेही, एकटं वाटतं तेही. त्या ऐकून घ्यायच्या, छान आहे म्हणायच्या. त्यांच्या डोळ्यांत मला ते 'सोमवारी कळवते'चं वाक्य तयार होताना दिसायचं. एक मुलगी खरोखर आली, तीन आठवडे टिकली आणि तिने जाताना डॉक्टरांना तोंडावर सांगितलं की मला जमणार नाही. डॉक्टरांनी त्या दिवशी तिच्यासाठी पेढे मागवले. सांगून जाणारी पहिलीच, असं ते सिस्टरला म्हणाले.

भाजीवाली ऑपरेशननंतर वर्षभर बरी होती. पडघ्याहून भाजी आणणं तिला झेपत नव्हतं, पण शुक्रवारी कधी कधी ती नुसती यायची, बाकावर बसायची, बायकांशी बोलायची. नव्या बाईला ती सांगायची, मॅडम चांगल्या आहेत, घाबरू नको. मी केबिनमध्ये हे ऐकायचे. दुसऱ्या वर्षी कॅन्सर पाठीच्या मणक्यात उतरला. शेवटचे दोन महिने ती घरीच होती. मी एकदा तिच्या गावी गेले होते. तिने मला ओळखलं की नाही, ठाऊक नाही. तिच्या सुनेने चहा दिला आणि म्हणाली, तुमचं नाव खूप घ्यायच्या.

पुढच्या उन्हाळ्यात डॉक्टरांना झटका आला. बोलणं गेलं. त्यांची मुलं चांगली होती. महिनाभर दवाखाना तसाच ठेवू म्हणाली, सिस्टरला एका गोडाऊनच्या प्रथमोपचार खोलीत कायमची नोकरी लावून दिली. मग गल्लीतली जागा विकायची ठरली. माझ्या हातात चार शुक्रवार होते.

बाजाराच्या पलीकडे एका डॉक्टर मुलीने नुकताच दवाखाना काढला होता. त्याच वस्तीत वाढलेली, त्याच वस्तीत राहणारी. मी तिला जाऊन भेटले. ते चारही शुक्रवार, येईल त्या बाईला मी तपासायचे आणि मग तिच्याबरोबर चालत तिकडे जायचे. चिठ्ठी नुसती हातात दिली तर ती पोचेल, याचा मला भरवसा राहिला नव्हता. पाच-सात मिनिटांचं अंतर होतं. वाटेत आम्ही काहीबाही बोलायचो.

शेवटच्या शुक्रवारी दिवस भरत आलेली एक पोरगी होती, पहिलटकरीण. तिला घेऊन मी गेले, पेपर दिला, काय काय बघायचं ते सांगितलं. त्या डॉक्टरणीने सगळं लिहून घेतलं. मग सहज विचारलं, काही लागलं तर मॅडम तुम्ही असालच ना इथे.

पोरगी माझ्याकडे बघत होती.

"नाही," मी म्हणाले. "आज माझा इथला शेवटचा दिवस आहे. मी पुन्हा येणार नाही."

पोरीचा चेहरा उतरला. मग ती त्या डॉक्टरणीकडे वळली आणि खुर्ची थोडी पुढे ओढून बसली.